पैसे मंजूर आहेत म्हणतात, मग काम बंद का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की गेल्या दोन-चार वर्षांत तुमच्या गावातली कोणती सरकारी सोय बंद पडली किंवा कमी झाली ते कळवा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून मेसेज आले, व्हॉइस नोट तर लईच. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी सांगितल्यामुळं नावं-गावं छापली नाहीत, फक्त जिल्हा टाकलाय.

प्रश्न (बीड): ताई नमस्कार. माझी दोन लेकरं झेडपीच्या शाळेत आहेत, एक दुसरीला अन् एक पाचवीला. मधी दर आठवड्याला शाळेत अंडं मिळायचं, त्या दिवशी लेकरं शाळा बुडवायची नाहीत. आता बंद झालंय. सर म्हणायलेत की सरकारकडून त्याचे पैसे येत नाहीत, गावानं वर्गणी केली तर देऊ. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं ऊसतोडीला जातेत, वर्गणी कोण देणार? सर खरं बोलायलेत का?

उत्तर: खरं बोलायलेत, ताई. सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी, असं सुरू केलं होतं आणि त्याला वेगळा पैसा ठेवला होता. जानेवारी २०२५ च्या जीआरनं तो वेगळा पैसा बंद केला, अंडं द्यायचं असेल किंवा खिरीत साखर घालायची असेल तर शाळेनं लोकसहभागातून बघावं असं सांगितलं. अंड्यावरचा खर्च होता वर्षाला साधारण ५० कोटी. राज्याचं २०२५-२६ चं बजेट ७ लाख कोटींचं. म्हणजे चौदा हजार रुपयांतला एक रुपया वाचवला, तो पण लेकरांच्या ताटातून. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

लोकसहभाग बागायती गावात जमतो, रस्त्यालगतच्या मोठ्या गावात जमतो, तिथं वाढदिवसाला कुणी ना कुणी शाळेला अंडी-केळी देतं. जिथं दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप लागतं आणि लेकरं आजी-आजोबांकडं राहतात तिथं वर्गणी मागायची तरी कुणाला, म्हणजे ज्या लेकराला अंड्याची जास्त गरज त्याचंच आधी बंद झालं. आणि नेहमीच्या आहाराचा दर बघा, मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या लेकरामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस सगळं त्यातच भागवायचं, तेवढ्यात बाजारात एक अंडं येतं. म्हणून स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर कुणी चिडू नका, त्यांच्या हातात काही नाही.

एक वाट आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि बऱ्याच गावांत हा पैसा मार्च आला की कशावर तरी टाकून संपवतात. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक असतात, तुम्ही पण असाल किंवा होऊ शकता. समितीत ठराव करा की या पैशातून आठवड्याचं अंडं सुरू करावं आणि तो ग्रामपंचायतीत द्या, शंभर लेकरांच्या शाळेला आठवड्याला सहाशे-सातशे रुपये लागतील, एवढ्या रकमेला सगळ्यांसमोर नाही म्हणणं कुणालाही अवघड जातं. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पण द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की आमच्या गावात वर्गणी जमत नाही. हे लेखी गेलं नाही तर वरच्या कागदावर सगळं सुरळीत दिसतं.

प्रश्न (हिंगोली, सरपंच): आमच्या गावात जलजीवनचं काम दोन वर्षांपासून अर्धवट पडलंय. टाकी उभी आहे पण तिच्यात पाणी चढवायची पाइपलाइन नाही. गल्लीतले सिमेंटचे रस्ते फोडून ठेवलेत, म्हातारी माणसं पडायलीत. गुत्तेदार म्हणतो बिल निघंना, साहेब म्हणतेत निधी मंजूर आहे. लोकं शिव्या मला द्यायलेत. मंजूर असलेला पैसा जातोय कुठं?

उत्तर: सरपंच साहेब, दोघंही खरं बोलत असतील, आणि या सगळ्या पत्रांतला मूळ घोळ हाच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत काम केलंय, तिथं पहिली गोष्ट शिकले ती ही की बजेटात तरतूद होणं वेगळं, कामाला प्रशासकीय मान्यता मिळणं वेगळं, पैसा प्रत्यक्ष वितरित होणं वेगळं आणि बिल निघणं त्याहून वेगळं. साहेब ज्याला मंजूर म्हणतात ती मान्यता असते. मान्यतेवर गुत्तेदार टाकी बांधतो, बिल मात्र वितरण झाल्यावरच निघतं, आणि कात्री लागते ती या वितरणाला. कुणी सहसा जाहीर सांगत नाही की कपात केली. उघड सांगितलं होतं ते कोरोनात, ४ मे २०२० च्या जीआरमध्ये, की यंदा फक्त ३३ टक्के निधी मिळेल. बाकीच्या वर्षी नुसतं "निधी उपलब्धतेनुसार" एवढंच लिहून येतं आणि वर्ष निघून जातं.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. आपल्या राज्यात केंद्राचा निम्मा आणि राज्याचा निम्मा वाटा. केंद्राच्या २०२४-२५ च्या बजेटात या मिशनला ७०,१६३ कोटी दाखवले होते, तेच वर्ष संपता संपता सुधारित अंदाजात २२,६९४ कोटींवर आणले. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आत. पुढच्या बजेटात परत ६७,००० कोटी दाखवले आणि मुदत २०२८ पर्यंत वाढवली. पहिला आकडा टीव्हीवर आपण सगळ्यांनी ऐकला, सुधारित आकडा किती जणांनी ऐकला? केंद्राचा हप्ता लांबला की राज्य आपला वाटा सोडायला पण मागंपुढं करतं, खालच्या गुत्तेदारानं सिमेंट-लोखंड उधारीवर आणलेलं असतं, तो माणसं काढतो आणि काम सोडून जातो. आणि मराठवाड्यात पाणी लांबलं म्हणजे नुसती गैरसोय नसते, लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे आपण बघितलंय. मुदत चार वर्षांनी वाढली म्हणजे तेवढे उन्हाळे बायका हंडे घेऊन टँकरमागं पळणार, हा हिशोब कुठल्या बजेटात येत नाही.

पण प्रत्येक अर्धवट काम पैशामुळंच अडलंय असं धरून चालू नका, काही ठिकाणी गुत्तेदारानं दर परवडत नाही म्हणून काम टाकलंय आणि निधीचं कारण पुढं करतो. म्हणून झेडपीच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला (योजना मोठी असेल तर जीवन प्राधिकरणाला) लेखी विचारा की किती कामाचं मोजमाप एमबीत (मोजमाप पुस्तकात) चढलंय, त्रयस्थ संस्थेची तपासणी झाली का, किती रकमेचं बिल कोणत्या तारखेला वर गेलं आणि किती वाटप झालं. बिल गेलेलंच नसेल तर दोष गुत्तेदाराचा आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या इंजिनिअरचा. बिल जाऊन पडून असेल तर दोष वरचा, मग ते पत्र घेऊन आमदार-खासदारांकडं जा आणि तेच ग्रामसभेत वाचून दाखवा, म्हणजे लोकांना कळेल शिव्या कुणाला द्यायच्या. अंदाजपत्रकाची नक्कल पण मागा आणि फोडलेला रस्ता परत करून द्यायचा खर्च त्यात धरलाय का ते बघा, धरला असेल तर तो केल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करू नका. आणि तोपर्यंतची डागडुजी, मोटर-पाइप वगैरे, वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करता येते, पंधराव्या आयोगात ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता.

प्रश्न (जालना): गावातल्या खांबावरचे लाइट दोन महिने झाले बंद आहेत. बिल थकलं म्हणून कनेक्शन तोडलं. आधी कधी असं झालं नव्हतं. आम्ही घरपट्टी भरतो, मग बिल का भरत नाहीत?

उत्तर: आधी ते बिल ग्रामपंचायत भरतच नव्हती, राज्य सरकार जिल्हा परिषदेमार्फत भरायचं. २०२१ मध्ये सांगण्यात आलं की पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल आता ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून भरावं, सरपंच लोकांनी तेव्हा बरीच आंदोलनं केली. वरचा खर्च खाली ढकलला की वर बचत दिसते आणि गावात गटार नाहीतर शाळेचं पत्र्याचं काम राहून जातं. घरपट्टीतून लहान गावाचं बिल निघत नाही. एक करा, ग्रामसेवकाला घेऊन वीज कार्यालयात जा आणि खांबाला मीटर आहे की अंदाजे बिल लागतंय ते बघा, कारण अंदाजाचं बिल कमी करून मिळू शकतं, आणि थकबाकीचे हप्ते पाडून मागा.

प्रश्न (धाराशिव): मॅडम, मी अकरावीला आहे. आमच्या गावात मुक्कामी एसटी यायची, सकाळी साडेसहाला निघायची, त्याच्यावर आम्ही नऊ मुली कॉलेजला जायचो. ती बंद झाली. डेपोत विचारलं तर गाडी नाही म्हणतात. पप्पा म्हणतात काळीपिवळीनं रोज परवडत नाही आणि संध्याकाळी उशीर होतो म्हणून पाठवायचं का नाही असं घरात चाललंय. आमचा पास फ्री आहे पण गाडीच नाही तर काय करायचं?

उत्तर: बाळा, तू स्वतः लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तुझ्या पप्पांना पण हे वाचायला दे.

मुलींना बारावीपर्यंत पास फ्री, २०२२ पासून ७५ च्या वरच्या आजी-आजोबांना फ्री, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट, या सवलती चांगल्याच आहेत आणि त्या काढू नयेत असंच माझं मत आहे. पण त्या सवलतीचे पैसे सरकारनं एसटीला भरून द्यायचे असतात. ते वेळेवर आणि पूर्ण मिळाले तर डेपोला डिझेल, टायर, नवीन गाडी. एसटीचा साठलेला तोटा १० हजार कोटींच्या वर गेलाय, गाड्या कोरोनाआधी १८ हजारांच्या वर होत्या त्या १५ हजारांच्या आसपास आल्या, जानेवारी २०२५ मध्ये तिकीट जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तरी मेळ बसला नाही. गाड्या कमी पडल्या की डेपो मॅनेजर पहिली काढतो ती कमी उत्पन्नाची फेरी, आणि ज्या गाडीत सगळे पासवाले आणि सवलतवाले तिचं उत्पन्न कागदावर कमीच दिसणार. म्हणजे ज्या मुलींसाठी पास फ्री केला त्यांचीच गाडी बंद. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, कारण अंडं बंद झालं तर लेकरू शाळेत तरी येतं, पण गाडी बंद झाली की मुलीची शाळाच सुटते आणि वर्ष-दोन वर्षांत लग्न ठरतं, हे आपल्याकडं किती घरांत झालंय ते मी सांगायची गरज नाही.

आता काय करायचं ते सांगते. तुम्ही नऊ जणींनी एका कागदावर नाव, वर्ग, कॉलेज, पास नंबर आणि गाडीची वेळ लिहून अर्ज करा, सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव लावा. अर्ज आगार प्रमुखाला द्या, प्रत विभाग नियंत्रकांना, आणि पोच घ्या. त्यात मुक्कामी गाडी जमत नसेल तर शेजारच्या गावापर्यंत येणारी फेरी पुढं वाढवा असा पर्याय पण लिहा, तो बऱ्याचदा मान्य होतो कारण गाडी नवीन लागत नाही. दुसरं, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस खास मुलींच्या शाळा-कॉलेजसाठी आहेत आणि त्याचा पैसा वेगळा येतो. तुमचा तालुका त्यात असेल तर त्या बस कोणत्या मार्गावर फिरतात ते जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेत विचारा, काही ठिकाणी त्या गाड्या साध्या फेऱ्यांना वापरल्याच्या तक्रारी येतात. आणि पप्पा, गाडी सुरू होईपर्यंत गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एक रिक्षा ठरवा, मुली एकत्र जातील-येतील, पण तिला घरी बसवू नका.

प्रश्न (नांदेड, आशा): ताई, आमच्या उपकेंद्राला सिस्टर एकच, तिच्याकडं शेजारचं पण उपकेंद्र दिलंय. बाळंतपणाला बाई न्यायची तर कधी गाडी मिळते कधी नाही, प्रायव्हेट गाडीला घरच्यांनी दीड-दोन हजार दिले की ते मलाच बोलतेत, तुम्ही तर फुकट म्हणला होता. आमचं मानधन पण दोन-दोन महिने येत नाही. हे कुणाला सांगावं?

उत्तर: नियमानं पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि तीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. इमारत असते, बोर्ड असतो, रंग दिलेला असतो, जागा मात्र भरलेल्या नसतात. पद रिकामं ठेवणं ही सगळ्यात स्वस्त कपात आहे कारण त्याला जीआर लागत नाही आणि बातमी पण होत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के, त्यातली माणसं कंत्राटी, हप्ता अडकला की पहिला पगार थांबतो तो त्यांचाच आणि तुमचा. दहा वर्षं सेवा झालेल्यांना कायम करा म्हणून या कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर संप केला होता, तेव्हा गावोगावी कळलं की दवाखाना कुणाच्या जिवावर चालतो.

गाडीबद्दल मात्र तुम्ही फुकट म्हणालात ते बरोबरच होतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडणं, तिन्ही मोफत आहे, औषधं, रक्त, जेवण पण. १०२ ला आणि १०८ ला फोन केलेली वेळ डायरीत लिहा आणि गाडी आली नाही तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्या. घरच्यांना प्रायव्हेट गाडीची पावती घ्यायला सांगा, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढं तो खर्च ठेवता येतो. मानधनासाठी एकटीनं भांडू नका, गटप्रवर्तक आणि संघटनेमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला महिन्यांची यादी द्या.

प्रश्न (लातूर): सगळा पैसा लाडक्या बहिणीत चाललाय म्हणून बाकी सगळं बंद पडायलंय असं आमच्या पारावर रोज बोलणं होतं. माझ्या बायकोला पण पैसे येतात. घ्यावेत का नाही असं वाटायलंय. तुमचं मत काय?

उत्तर: घ्या, भाऊ. निकषात बसत असतील तर ते तिचे आहेत आणि तिच्या खात्यावरच राहू द्या. महिन्याचे दीड हजार गावातली बाई कशावर घालते ते मी बघितलंय, लेकराची वही, सासूच्या गोळ्या, किराण्याची उधारी.

पारावरचं बोलणं अगदीच खोटं नाही. २०२५-२६ च्या बजेटात या योजनेला ३६ हजार कोटी ठेवलेत आणि राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवलीय. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडं वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली होती. म्हणजे ओढाताण आहेच. पण प्रश्न बायकोला विचारायचा नाही, ज्यांनी दोन्ही गोष्टींचा शब्द दिला त्यांना विचारायचा. शिवाय पाइपलाइन, एसटी, रिकाम्या जागा हे दुखणं योजना येण्याच्या आधीचं आहे. मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजायला आणि निधीवर लक्ष ठेवायला वैधानिक विकास मंडळ होतं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा कुणाच्याच खात्यावर दीड हजार येत नव्हते. आणि २०२२ पासून कित्येक वर्षं जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, निवडून आलेलं कुणी नाही म्हणून वित्त आयोगातला झेडपी आणि पंचायत समितीचा वाटा अडकला. याचा पण हिशोब पारावर होऊ द्या. बाईला मिळालेल्या दीड हजारातून तिनंच प्रायव्हेट दवाखान्याचं आणि काळीपिवळीचं भाडं भरलं तर तिच्या हातात उरलं काय, हे मात्र तुम्ही दोघांनी बसून एकदा मांडून बघा.

प्रश्न (परभणी, निवृत्त शिक्षक): आमच्या गावाला किती पैसा आला आणि किती खर्च झाला हे सामान्य माणसाला कुठं बघायला मिळेल? ग्रामसेवकाला विचारलं तर उद्या या म्हणतो.

उत्तर: सर, तुमच्यासारखी माणसं यात पडली तर लई काम होईल. ग्रामपंचायतीचं सगळं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आणि मेरी पंचायत अॅपवर दिसतं, गावाचं नाव टाका, आराखड्यात कोणती कामं घेतली आणि कशावर किती पैसे गेले ते येतं. राज्याच्या खात्यांचं महाकोषच्या, म्हणजे राज्याच्या कोषागारांच्या, बीम्स साइटवर दिसतं, त्यात तरतूद किती, वितरण किती आणि खर्च किती हे वेगवेगळं असतं, तिथं लेखाशीर्ष (त्या खर्चाचा हिशोबातला कोड नंबर) लागतं ते झेडपीच्या संबंधित विभागात विचारून घ्या. जानेवारीतच बघा, कारण १५ फेब्रुवारीनंतर खरेदीचे नवे प्रस्ताव वित्त विभाग सहसा घेत नाही, आणि मार्च अखेरीला ओरडून पैसा परत गेल्यावर काही हाती लागत नाही.

जे ऑनलाइन नाही त्याला माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नको, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा नाहीतर त्यावरच परत पाठवतात. "माझ्या गावाला अन्याय का" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कागद मागा. अमुक योजनेत माझ्या गावासाठी दोन वर्षांत मान्यता किती, वितरण किती, खर्च किती, आणि वितरण न होण्याबाबत वरून आलेल्या पत्रांच्या नकला द्याव्यात, एवढंच लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करा. मिळालेला कागद ग्रामसभेत ठेवा. वर्षात चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, कोरम शंभर मतदार किंवा मतदारांच्या १५ टक्के यातला जो आकडा कमी असेल तो, त्यामुळं तुमचे जुने विद्यार्थी आणि बचत गटाच्या बायका आल्या तरी कोरम भरतो. आधी सात दिवस पत्र देऊन तो विषय अजेंड्यावर घ्यायला लावा आणि ठराव रजिस्टरला चढल्याशिवाय उठू नका, त्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या.